किती वेळ वाट बघायची?

सर्च बॉक्समध्ये शब्द टाकला की डोळ्याचं पातं लवायच्या आत उत्तर येतं. पण त्यामागे राबणाऱ्या शंभर मशिन्सपैकी एकाने उत्तरच दिलं नाही तर? या प्रश्नाच्या मुळाशी कॉम्प्युटर तयार व्हायच्या आधीच जाऊन पोचलेल्या अ‍ॅलन ट्युरिंगची ही गोष्ट.

ग्रुप प्रोजेक्टचं सबमिशन रात्री बारापर्यंत आहे. पाच जणांनी पाच भाग वाटून घेतलेत. चौघांचे आलेत. पाचवा फोन उचलत नाही, मेसेजही वाचत नाही. तो शेवटची ओळ लिहितोय की गाढ झोपलाय, काही कळायला मार्ग नाही. पावणेबारा वाजलेत. आता तुम्ही काय करणार? त्याच्यासाठी थांबलात तर पाचही जण बुडणार. चार भागांवरच फाइल पाठवली तर काम अर्धवट गेल्याची रुखरुख.

मोठ्या सर्च इंजिनची अवस्था क्षणोक्षणी अशीच असते. त्यातली माहिती एका कॉम्प्युटरवर मावत नाही. म्हणून तिचे तुकडे करून ते कितीतरी मशिन्सवर वाटून ठेवतात. या तुकड्यांना शार्ड म्हणतात. तुमची क्वेरी आधी एका मुकादम मशिनकडे जाते. ते मशिन ती सगळ्या शार्डकडे धाडतं, आलेली उत्तरं गोळा करतं, क्रम लावतं आणि तुमच्यासमोर ठेवतं.

आता जरा हिशेब करून बघा. समजा, प्रत्येक मशिन शंभरातून फक्त एकदा रेंगाळतं, एरवी चोख काम करतं. वाईट नाही ना? पण तुमच्या एका क्वेरीला अशी १०० मशिन्स लागत असतील, तर सगळीच्या सगळी वेळेत उत्तर देण्याची शक्यता ०.९९ चा शंभरावा घात, म्हणजे जेमतेम ३७ टक्के. उरलेल्या ६३ टक्के वेळा कुणी ना कुणी रेंगाळणारच. आणि मुकादमाला दिसते ती फक्त शांतता. समोरचं मशिन हळू चाललंय की बंद पडलंय, हे त्या शांततेवरून ओळखता येत नाही.

म्हणून टाइम लिमिट लावतात. अमुक इतका वेळ वाट बघायची, तोपर्यंत जे हातात आलं ते द्यायचं. साधी वाटते ना युक्ती? पण या साध्या युक्तीखाली एक जबरदस्त शोध दडलाय. मशिन कधी थांबेल हे आधीच सांगणारा हुकमी उपाय नसतोच, म्हणून कधी थांबवायचं हे माणसालाच ठरवावं लागतं. हे सिद्ध केलं तेव्हा अ‍ॅलन ट्युरिंग अवघ्या २३ वर्षांचा होता. म्हणजे तुमच्यापेक्षा फार तर दोन-चार वर्षांनी मोठा.

वडील मद्रासला, पोरं इंग्लंडात

अ‍ॅलनच्या आई-वडिलांची कहाणी आपल्याकडची आहे. वडील ज्युलियस ट्युरिंग इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये, मद्रास इलाख्यात अधिकारी. आई एथेल सारा ही मद्रासच्या रेल्वेतल्या चीफ इंजिनिअरची मुलगी. अ‍ॅलनचा जन्म मात्र लंडनचा, २३ जून १९१२ चा. त्यानंतर आई-वडील पुन्हा हिंदुस्थानात आले आणि अ‍ॅलन व त्याचा मोठा भाऊ जॉन यांना इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याच्या घरी ठेवलं गेलं. आई-वडिलांची वाट बघण्यातच पोरांच्या बालपणाचा बराच भाग गेला.

१९२६ साली त्याला शेरबॉर्नच्या बोर्डिंग शाळेत घातलं. टर्म सुरू व्हायची आणि ब्रिटनभर सार्वत्रिक संप व्हायची एकच गाठ पडली. गाड्या बंद. तेरा वर्षांच्या अ‍ॅलनने सायकल काढली आणि साउदॅम्प्टनहून जवळपास १०० किलोमीटर एकट्याने, वाटेत एका खाणावळीत रात्रीचा मुक्काम करून शाळा गाठली. गाडी सुरू होईपर्यंत थांबायचं, हा पर्याय त्याने बादच करून टाकला!

शाळेत त्याला एक जिवलग मित्र भेटला, ख्रिस्तोफर मॉरकॉम. दोघांनाही गणित आणि विज्ञानाचं वेड. फेब्रुवारी १९३० मध्ये ख्रिस्तोफर क्षयाने गेला. अ‍ॅलन तेव्हा १७ वर्षांचा होता. माणसाचं मन शरीरात नेमकं कुठे आणि कसं राहतं, शरीर गेल्यावर त्याचं काय होतं, हे प्रश्न तेव्हापासून त्याच्या मानगुटीवर बसले. यंत्राला विचार करता येईल का, हा त्याचा पुढचा ध्यास याच वाटेने आला, असं अनेकांना वाटतं.

ज्योतिषी तोंडघशी पडतो

१९३१ मध्ये अ‍ॅलन केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात दाखल झाला. १९३५ मध्ये, वयाच्या २२ व्या वर्षी, तो तिथला फेलो झाला. त्याच सुमाराला त्याने मॅक्स न्यूमन यांची गणिताच्या पायावरची व्याख्यानं ऐकली. तिथे त्याला जर्मन गणिती डेव्हिड हिल्बर्ट यांचा प्रश्न भेटला. एखादं गणिती विधान सिद्ध करता येतं की नाही, हे ठरवणारी एखादी ठोकळेबाज रीत असू शकते का? म्हणजे डोकं न वापरता, पायरी-पायरीने करत गेलं की उत्तर हमखास मिळेल अशी?

अ‍ॅलनने विचार केला, की आधी ठोकळेबाज रीत म्हणजे काय हेच नक्की करू. त्याने कागदावर एक यंत्र कल्पलं. एक लांबच लांब पट्टी, तिच्यावर चौकटी, प्रत्येक चौकटीत एखादं चिन्ह आणि एका वेळी एकच चौकट वाचणारं, खोडणारं, लिहिणारं एक डोकं. बस्स, इतकंच. आणि माणूस पायरी-पायरीने जे काही मोजू शकतो, ते हे यंत्रही मोजू शकतं. तुमच्या खिशातला फोन हा त्या कागदी यंत्राचाच वंशज.

मग पुढचा घाव. यंत्र कामाला लावलं, तर ते कधी संपवेल की नाही, हे आधी सांगता येईल का?

हे समजायला आजच्या भाषेत एक उदाहरण घ्या. समजा, कुणीतरी एक ज्योतिषी प्रोग्रॅम लिहिला. त्याला कुठलाही प्रोग्रॅम दाखवा, तो सांगणार, हा थांबेल किंवा हा कायम फिरत राहील. आता तुम्ही एक खोडसाळ प्रोग्रॅम लिहा. तो आधी ज्योतिष्याला स्वतःचंच भविष्य विचारतो आणि मग बरोबर उलटं वागतो. ज्योतिष्याने थांबेल असं सांगितलं, तर हा फिरत बसतो. फिरत राहील असं सांगितलं, तर हा जागीच थांबतो. काहीही सांगितलं तरी ज्योतिषी तोंडघशी! म्हणजे असा सगळ्या प्रोग्रॅमना पुरून उरणारा ज्योतिषी असूच शकत नाही.

अ‍ॅलनच्या निबंधातली मांडणी याहून वेगळी आणि बरीच किचकट होती. हॉल्टिंग प्रॉब्लेम हे नाव तर त्याला नंतर मिळालं. पण गाभा त्याचाच. हा निबंध १९३६ मध्ये लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीकडे गेला. अमेरिकेत प्रिन्स्टनला अलोंझो चर्च यांनी वेगळ्या वाटेने हेच उत्तर थोडं आधी काढलं होतं. दुसरा कुणी असता तर खट्टू होऊन बसला असता. अ‍ॅलन थेट प्रिन्स्टनला गेला आणि चर्च यांच्याच हाताखाली १९३८ मध्ये पीएचडी करून परतला.

इथे एक गल्लत टाळा. सर्च इंजिनमधला साधा शब्दशोध कधीतरी संपतोच, कारण माहिती कितीही असली तरी मोजकीच असते. तिथे घोडं अडतं ते कधीतरी या शब्दापाशी. पण क्वेरीसोबत स्वतःचा छोटा प्रोग्रॅम जोडायची सोय तुम्ही लोकांना दिलीत, की अ‍ॅलनचं प्रमेय थेट तुमच्या सर्व्हरवर येऊन बसतं. तो प्रोग्रॅम संपेल की नाही याची हमी देणारी सरसकट तपासणी नाही. उपाय एकच, हातात घड्याळ धरायचं आणि वेळ झाली की तोडायचं.

रोज रात्री बाराची डेडलाइन

४ सप्टेंबर १९३९. ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारल्याच्या दुसऱ्याच दिवशी अ‍ॅलन ब्लेचली पार्कला रुजू झाला. काम होतं जर्मन लष्कराच्या एनिग्मा यंत्राचे सांकेतिक संदेश फोडण्याचं.

एनिग्माची ताकद आकड्यांत बघा. पाचांतून तीन चाकं निवडून लावायची, त्याचे ६० क्रम. तीन चाकांच्या सुरुवातीच्या जागा १७,५७६. त्यावर अक्षरांच्या दहा जोड्या तारांनी जोडायच्या, त्याच्या शक्यता दीडशे लाख कोटींच्या घरात. सगळ्यांचा गुणाकार केला तर १५९ वर १८ शून्यं! आणि मुख्य म्हणजे ही मांडणी रोज मध्यरात्री बदलायची. आजची किल्ली उद्या सापडली, तर आजचे संदेश वाचता यायचे, पण तोवर अनेकदा वरातीमागून घोडं. हल्ला होऊन गेलेला असायचा.

एनिग्माला पहिला सुरुंग पोलंडच्या तीन तरुण गणितींनी लावला होता, मारियान रेयेव्स्की, येझी रुझित्स्की आणि हेन्रिक झिगाल्स्की. युद्ध सुरू व्हायच्या जेमतेम महिनाभर आधी, जुलै १९३९ मध्ये, पोलंडने आपलं सगळं ज्ञान ब्रिटिश आणि फ्रेंचांच्या हवाली केलं. त्या पायावर अ‍ॅलनने वेगळ्या तत्त्वावर चालणारं यंत्र आखलं. त्याचं नाव बॉम्ब. गॉर्डन वेल्चमन यांनी त्यात महत्त्वाची सुधारणा केली. पहिलं यंत्र मार्च १९४० मध्ये ब्लेचलीत आलं.

बॉम्ब करायचं काय? संदेशात कुठेतरी एखादा ठरावीक शब्द असणार, उदाहरणार्थ हवामानाचा उल्लेख, असा अंदाज आधी माणसं बांधायची. मग यंत्र प्रत्येक मांडणी घेऊन बघायचं, की या अंदाजाशी ती विसंगत ठरते का? ठरली, तर बाद. म्हणजे यंत्र बरोबर उत्तर शोधत नव्हतं, चुकीची उत्तरं झपाट्याने कचऱ्यात टाकत होतं. विसंगती सापडली नाही की ते थांबायचं. पण प्रत्येक थांबणं खरं नसायचं. खोटे थांबेही भरपूर. म्हणून प्रत्येक थांब्याची वेगळी तपासणी व्हायची आणि फसवा निघाला की पुढचा बघायचा.

आता घड्याळ लावा. चाकांचा एक क्रम मांडून पूर्ण तपासायला साधारण २० मिनिटं. ६० क्रम एकामागून एक तपासले तर २० तास. दिवस २४ तासांचा! नौदलाच्या एनिग्मात तर आठांतून तीन चाकं, म्हणजे ३३६ क्रम. त्यांना याच हिशेबाने ११२ तास, साडेचार दिवसांहून जास्त. उत्तर येईपर्यंत प्रश्नच शिळा.

मग ब्लेचलीने तेच केलं, जे आज सर्च इंजिन करतं. काम वाटून टाकलं. एका मोठ्या बॉम्बमध्ये तीन क्रम एकाच वेळी तपासायची सोय होती आणि असे बॉम्ब वाढत वाढत युद्धाच्या अखेरीस २०० च्या वर गेले. बॉम्बहल्ल्यात सगळी यंत्रं एकदम जाऊ नयेत म्हणून ती ईस्टकोट, स्टॅनमोर अशा वेगवेगळ्या ठिकाणी ठेवली. ती चालवायच्या प्रामुख्याने नौदलातल्या तरुण मुली, शेवटी शेवटी दीड हजारांहून अधिक. पाळ्यांमध्ये, यंत्रांच्या खडखडाटात, आपण नेमकं काय शोधतोय हे पुरतं ठाऊक नसताना. कोणत्या संदेशाला किती यंत्रवेळ द्यायचा, हा निर्णय रोजचा. एका अंदाजावर अडून बसलं तर दुसऱ्याची वेळ टळते.

पुरे म्हणजे किती?

नौदलाचा एनिग्मा सगळ्यांत चिवट. तो फोडता येईल असं फारसं कुणाला वाटत नव्हतं. तो प्रश्न अ‍ॅलनने स्वतःकडे घेतला. हट नंबर ८ मध्ये.

३३६ क्रम यंत्रावर टाकण्याआधीच त्यातले बरेच गाळता आले तर? त्यासाठी त्याने बॅनबरिस्मस नावाची रीत काढली. बॅनबरी गावात छापून आणलेल्या लांब कागदांवर संदेशातल्या अक्षरांच्या जागी भोकं पाडायची. दोन संदेशांचे कागद एकमेकांवर सरकवायचे आणि भोकं किती जुळतात ते मोजायचं. प्रत्येक जुळणीला गुण. गुण वाढले की अंदाजावरचा भरवसा वाढतो, घटले की कमी होतो.

पुरावा मोजायला त्याने एककही तयार केलं, बॅन. एक बॅन म्हणजे पारडं दहापट जड. त्याचा दहावा भाग डेसिबॅन. ठरलेल्या गुणांपर्यंत पोचलं की मोजणी थांबवायची. शंभर टक्के खात्रीची वाट बघायची नाही. पुरेशी खात्री झाली की पुढच्या कामाला लागायचं.

यातली गंमत लक्षात आली का? वाट बघणं थांबवायच्या दोन रीती झाल्या. एक, वेळ संपली म्हणून थांबणं. दुसरी, पुरेसं हाती आलं म्हणून थांबणं. आजच्या सर्च इंजिनमध्येही या दोन्ही असतात. एक मर्यादा सेकंदांची, दुसरी किती नोंदी गोळा झाल्या की शोध आवरायचा याची. आणि पहिलीपेक्षा दुसरी लावायला जास्त डोकं लागतं, कारण पुरे म्हणजे किती हे आधी ठरवावं लागतं.

माणसं मात्र पुरत नव्हती. ऑक्टोबर १९४१ मध्ये अ‍ॅलन आणि त्याच्या तीन सहकाऱ्यांनी वरिष्ठांना वळसा घालून थेट पंतप्रधान चर्चिल यांना पत्र लिहिलं. हातात थोडी माणसं कमी असल्यामुळे मोलाचं काम रखडतंय, असं त्यात स्पष्ट मांडलं. त्यातला एक जण ते पत्र स्वतः डाउनिंग स्ट्रीटवर देऊन आला. चर्चिल यांनी लगेच कार्यवाहीचा आदेश दिला.

दहा महिने शांतता

१ फेब्रुवारी १९४२. अटलांटिकमधल्या जर्मन पाणबुड्यांनी एनिग्मात चौथं चाक बसवलं. एक चाक वाढलं म्हणजे काम २६ पट. एका यंत्राचे ११२ तास आता २,९१२ तास झाले, म्हणजे १२१ दिवस. चार महिन्यांनी मिळणारी किल्ली घेऊन करणार काय?

या नव्या जाळ्याला ब्लेचलीत शार्क म्हणत. पुढचे दहा महिने ते जवळजवळ पूर्ण बंद राहिलं. मशिन्स होती, हुशार माणसं होती, रीतही माहीत होती. नव्हता तो फक्त वेळ. दोस्तांच्या जहाजांसाठी १९४२ हे युद्धातलं सगळ्यांत वाईट वर्ष ठरलं. उत्तर उशिरा येणं म्हणजे काय, याची किंमत समुद्रावरच्या खलाशांनी मोजली.

कोंडी फुटली ती ३० ऑक्टोबर १९४२ च्या रात्री, भूमध्य समुद्रात. पेटार्ड या ब्रिटिश युद्धनौकेवरचे टोनी फॅसन आणि कॉलिन ग्रेझियर बुडत चाललेल्या यू-५५९ या जर्मन पाणबुडीत उतरले आणि संकेतांची कागदपत्रं वर देत राहिले. ती घेणारा टॉमी ब्राउन कँटीनमध्ये काम करायचा, वय १६. पाणबुडी अचानक बुडाली. टॉमी वाचला, फॅसन आणि ग्रेझियर तिच्यासोबत गेले. त्या कागदांमुळे हवामानाच्या छोट्या संदेशांत काय असणार याचा नेमका अंदाज बांधता आला. शिवाय या संदेशांपुरतं चौथं चाक असून नसल्यासारखं ठेवतात, हेही उलगडलं. म्हणजे २६ पट वाढलेलं काम पुन्हा पूर्वीइतकं झालं. डिसेंबरच्या मध्यावर शार्क फुटला.

सायकलची चेन आणि पाच मिनिटं

ब्लेचलीतला अ‍ॅलन सहकाऱ्यांना विक्षिप्त वाटायचा. परागकणांचा त्रास होतो म्हणून गॅस मास्क लावून सायकल चालवायचा. चहाचा मग कुणी पळवू नये म्हणून रेडिएटरला साखळीने बांधून ठेवायचा. त्याच्या सायकलची चेन सारखी निसटायची. दुरुस्त करायचं सोडून त्याने म्हणे मोजून काढलं, की ठरावीक फेऱ्यांनंतरच ती निसटते. मग मनात फेऱ्या मोजत जायचा आणि ऐन वेळी पॅडल सावरायचा. असा टाइमर कुणी सायकलला लावतं का सांगा!

युद्धानंतर लंडनच्या नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीत त्याने एसीई या कॉम्प्युटरचा आराखडा केला. सरकारी कारभाराच्या संथपणाला कंटाळून १९४८ मध्ये तो मँचेस्टरला गेला. या सगळ्या काळात तो धावायचा, आणि कसा! १९४७ मध्ये त्याने मॅरेथॉन २ तास ४६ मिनिटांत पूर्ण केली. पुढच्याच वर्षीच्या लंडन ऑलिम्पिकमधल्या विजेत्याची वेळ यापेक्षा साधारण ११ मिनिटांनी कमी होती.

१९५० मध्ये त्याने यंत्र विचार करू शकतं का, यावरचा गाजलेला निबंध लिहिला. पडद्याआडून प्रश्न विचारा आणि पलीकडे माणूस आहे की यंत्र ते ओळखा. आज आपण याला ट्युरिंग टेस्ट म्हणतो. त्यातही त्याने वेळ सांगायला चुकवलं नाही. साधारण पन्नास वर्षांत अशी यंत्रं होतील की ५ मिनिटं प्रश्न विचारूनही सामान्य माणूस शंभरातून तीसेक वेळा फसेल, असा त्याचा अंदाज होता. पाच तास नाही, पाच दिवस नाही. कसोटी घ्यायची तर कधी थांबायचं, हे आधी ठरलेलं हवं.

उशिरा आलेलं उत्तर

जानेवारी १९५२ मध्ये त्याच्या घरी चोरी झाली. त्याने पोलिसांत तक्रार केली. चौकशीत त्याने एका पुरुषाशी आपले संबंध असल्याचं लपवलं नाही. त्या काळच्या इंग्लंडात तो गुन्हा होता. चोरीची तक्रार करणारा स्वतःच आरोपी झाला. मार्चअखेर खटला चालला. तुरुंग किंवा वर्षभर हार्मोन्सची सक्तीची औषधं, यातून त्याने औषधं निवडली. सरकारी गुप्त कामाचे दरवाजे त्याला बंद झाले. आणि ब्लेचलीत आपण काय केलं, हे तो कुणाला सांगूही शकत नव्हता. ते गुपित पुढे दोन दशकं तसंच राहिलं.

त्याही दिवसांत तो काम करत होता. वाघाच्या अंगावर पट्टे कसे येतात, यासारख्या प्रश्नांमागचं गणित त्याने १९५२ मध्येच मांडलं. ७ जून १९५४ रोजी तो गेला. बेचाळिसाव्या वाढदिवसाला १६ दिवस उरले होते. चौकशीत आत्महत्या असा निष्कर्ष निघाला. काही अभ्यासकांना तो अपघातही असू शकतो असं वाटतं.

ब्रिटिश सरकारने माफी मागितली ती २००९ मध्ये. राजघराण्याचा माफीनामा आला २४ डिसेंबर २०१३ ला. त्याचं चित्र असलेली ५० पौंडांची नोट आली २३ जून २०२१ ला, त्याच्या वाढदिवशी. ब्रिटिशांनीच १८६० मध्ये आपल्याकडे आणलेल्या दंडसंहितेतलं कलम ३७७ सज्ञान व्यक्तींच्या परस्परसंमतीच्या संबंधांना लागू नाही, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ ला सांगितलं. उत्तरं बरोबर आली. ज्याने विचारली असती, तो तेव्हा वाट बघायला नव्हता.

त्या एका खुणेकडे बघा

तुमच्यापैकी कुणी मिनी प्रोजेक्टसाठी इलॅस्टिकसर्च वापरलं असेल, तर ही शेवटची गोष्ट तुमच्यासाठी. त्यात क्वेरीला टाइमआउट देता येतो. तुम्ही दिला नाहीत, तर सहसा तो नसतोच, मशिन बिचारं शोधत राहतं. दिलात, तर वेळ संपल्यावर तोवर गोळा झालेले निकाल मिळतात. ती वेळही काटेकोर असेलच असं नाही. शोध मध्ये मध्ये घड्याळाकडे बघतो, दर क्षणी नाही. त्यामुळे थोडं पुढेमागे होतं.

निकालासोबत टाइम्ड आउट नावाची एक छोटी खूण येते, हो किंवा नाही. हो असेल तर त्याचा अर्थ, हे सगळं नाही, वेळेत मिळालं तेवढंच आहे. बहुतेक जण ती वाचतच नाहीत. निकाल आले ना, मग झालं! आणि मग दहा सापडले म्हणजे दहाच आहेत, असं धरून पुढची आकडेमोड होते. ब्लेचलीत बॉम्ब थांबला म्हणजे किल्ली मिळाली, असं कुणी धरलं नाही. प्रत्येक थांबा आधी तपासला गेला.

तेव्हा क्वेरीला टाइमआउट लावा, किती ते तुमचं काम बघून तुम्हीच ठरवा. आणि निकाल स्क्रीनवर दाखवण्याआधी ती खूण वाचणारी एक ओळ कोडमध्ये टाका. हो आलं, तर वापरणाऱ्याला सरळ सांगा, की उत्तर अपुरं आहे.